क्रिल खरंच कमी झाले का? एकाच डेटातून निघालेली दोन उत्तरं

नेट-सेट किंवा पेट झाल्यावर, गाईड आणि विषय शोधत असताना, आपण बहुतेक जण एकाच पद्धतीने वाचायला लागतो. पेपरचा सारांश वाचायचा, निष्कर्ष वहीत टिपायचा, पुढचा पेपर उघडायचा. काही महिने हे बरं चालतं. मग कधीतरी असे दोन पेपर हातात येतात की पहिला म्हणतो ‘घट झाली आहे’, दुसरा म्हणतो ‘घट झाल्याचा पुरावा नाही’, आणि दोघांनी वापरलेला डेटा जवळपास एकच असतो. वहीत काय टिपणार?

ध्रुवीय समुद्रशास्त्रातलं असंच एक भांडण आज तुम्हाला सांगते. मी स्वतः ध्रुवावर काम करत नाही. माझी जाळी अरबी समुद्रात पडतात आणि दिवस सूक्ष्मदर्शकाखाली कोपेपॉड मोजण्यात जातो. पण जाळ्यात आलेल्या जिवांवरून समुद्रातल्या संख्येचा अंदाज बांधायचा, हा उद्योग इथे काय आणि तिथे काय, सारखाच. म्हणून हे भांडण मला घरातलं वाटतं.

आधी पात्रपरिचय. अंटार्क्टिक क्रिल हा कोळंबीसारखा दिसणारा, जास्तीत जास्त सहा सेंटिमीटर लांबीचा, एखाद-दोन ग्रॅम वजनाचा प्राणी. कोकणातल्यांना मी ‘मोठा जवळा समजा’ असं सांगते. प्राणिशास्त्रवाल्यांनी रागावू नये, दोघांची कुळं वेगळी आहेत हे मला माहीत आहे. तो पाच-सहा वर्षं जगतो आणि प्रचंड थव्यांनी राहतो. एका बऱ्याचदा उद्धृत होणाऱ्या अंदाजानुसार त्यांचं एकूण वजन ३७.९ कोटी टनांच्या घरात आहे. देवमासे, सील, पेंग्विन, समुद्रपक्षी, मासे, सगळे त्याच्यावर जगतात. सूक्ष्म शैवाल खाणारा एक प्राणी आणि त्याला खाणारा तीस मीटरचा निळा देवमासा, मध्ये दुसरी पायरीच नाही. इतकी आखूड अन्नसाखळी असली की मधली कडी किती मजबूत आहे हा प्रश्न आपोआप मोठा होतो.

आता बर्फ. इथे एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करून घ्या, कारण मुलाखतीत यावर हमखास गडबड होते. समुद्री बर्फ म्हणजे समुद्राचं पाणीच गोठून झालेला, साधारण मीटरभर जाडीचा थर. जमिनीवरची किलोमीटरभर जाड हिमचादर वेगळी आणि तिच्यातून तुटून आलेले हिमनग वेगळे. खारं पाणी उणे १.८ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतं. गोठताना मीठ स्फटिकात मावत नाही, ते बाहेर ढकललं जातं. बरंचसं खाली समुद्रात उतरतं, पण थोडं अतिखारं पाणी बर्फातच बारीक नळ्यांमध्ये अडकून राहतं. या नळ्यांत डायटम नावाचं सूक्ष्म शैवाल वाढतं. बर्फाचा तुकडा उलटा केला तर खालची बाजू चहा सांडल्यासारखी तपकिरी दिसते, ती यामुळे.

क्रिलच्या पिल्लांसाठी हा तपकिरी थर फार महत्त्वाचा असतो. मादी उन्हाळ्यात अंडी घालते, ती शेकडो मीटर खोल बुडत जातात, तिथे फुटतात आणि अळ्या पुन्हा वर चढत येतात. वर पोहोचेपर्यंत शरद ऋतू आलेला असतो. मोठा क्रिल उपाशी राहू शकतो. उपासमारीत तो चक्क आकाराने लहान होतो, दर वेळी कात टाकताना थोडा आखूड. (म्हणजे लांबीवरून वय काढण्याचा सोपा मार्गही बंद!) अळीकडे मात्र चरबीचा साठा नसतो. तिला पहिल्या हिवाळ्यात खायला लागतं, आणि अंधाऱ्या हिवाळ्यात पाण्यात शैवाल जवळजवळ नसतंच. जे थोडंफार असतं ते बर्फाच्या पोटाला चिकटलेलं.

यावरून गृहीतक अगदी सरळ निघतं. ज्या हिवाळ्यात बर्फ जास्त दूरवर पसरेल आणि जास्त दिवस टिकेल, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात क्रिल जास्त सापडायला हवेत. अँगस अॅटकिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली ‘नेचर’मध्ये नेमकं हेच दाखवलं. नऊ देशांनी १९२६ ते २००३ या काळात टाकलेल्या सुमारे बारा हजार जाळ्यांच्या नोंदी त्यांनी एकत्र केल्या. निष्कर्ष असा की नैऋत्य अटलांटिकच्या भागात, म्हणजे अंटार्क्टिक द्वीपकल्प आणि साउथ जॉर्जिया बेटाच्या पट्ट्यात, १९७०च्या दशकापासून क्रिलची घनता घटली आहे आणि तिचा आदल्या हिवाळ्यातल्या बर्फाशी संबंध दिसतो. जगातल्या निम्म्याहून अधिक क्रिलचं घर हाच पट्टा.

आता ‘१९२६पासून’ हे शब्द परत वाचा. मला तरी पेपरमधला सगळ्यात मनोरंजक भाग हाच वाटतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साउथ जॉर्जियात देवमाशांची बेसुमार शिकार चालली होती. हा धंदा किती काळ टिकेल हे कळावं म्हणून ब्रिटिशांनी ‘डिस्कव्हरी इन्व्हेस्टिगेशन्स’ नावाची मोहीम काढली. देवमासा समजायचा तर त्याचं अन्न समजलं पाहिजे, म्हणून क्रिल मोजले गेले. दुसरं महायुद्ध आलं आणि हे थांबलं. नंतर पद्धतशीर नोंदींचा ओघ थेट १९७०च्या दशकात सुरू होतो. मध्ये तीसेक वर्षांचं मोठं भगदाड. या काळात जाळी बदलली, जहाजं बदलली, कोणत्या महिन्यात आणि कुठे मोजायचं तेही बदललं.

तुम्ही म्हणाल, जाळं बदललं तर काय मोठं बिघडलं? बरंच बिघडतं. क्रिलला डोळे आहेत आणि पोहायलाही चांगलं येतं. दिवसाउजेडी संथ येणारं लहान तोंडाचं जाळं त्याला दिसतं आणि तो बाजूला होतो. रात्री, मोठ्या तोंडाच्या जाळ्यात जास्त अडकतो. म्हणून ‘क्रिलबेस’ या नावाने हा डेटा संकलित करताना प्रत्येक नोंद एका आदर्श जाळ्याच्या भाषेत बदलली गेली: आठ चौरस मीटर तोंडाचं जाळं, रात्रीची वेळ, पृष्ठभागापासून २०० मीटर खोली, तारीख १ जानेवारी. पहिलीपासूनचा तुमचा प्रत्येक निकाल, वेगवेगळ्या बोर्डांचा, ‘हाच विद्यार्थी दहावीला एसएससी बोर्डात बसला असता तर किती टक्के मिळाले असते’ असा बदलून घेण्यासारखंच हे. केलं पाहिजेच, पण त्या बदलण्याच्या सूत्रात स्वतःची अनिश्चितता असते.

२०१८ साली मार्टिन कॉक्स आणि सहकाऱ्यांनी याच क्रिलबेसमधला १९७६ ते २०१६चा डेटा वेगळ्या सांख्यिकी मॉडेलने तपासला. त्यांच्या पेपरचं शीर्षकच सांगतं की या भागात क्रिलची घनता घटल्याचा पुरावा नाही. पुढच्याच वर्षी सिमियन हिल, अॅटकिन्सन वगैरेंनी उत्तर छापलं: पुरावा अजून उभा आहे. त्यांचे आक्षेप होते ते मॉडेलची गृहीतकं डेटाला लागू पडतात का आणि कोणत्या नोंदी घ्यायच्या यावर. दोन्ही बाजूंना आयुष्य क्रिलवर घालवलेली माणसं आहेत. कोणी अडाणी नाही, कोणी लबाड नाही.

मग फरक येतो कुठून? इथे जरा थांबू या. तुमच्या स्वतःच्या डेटात हेच होणार आहे.

क्रिल थव्याने राहतात हे वर सांगितलंच. त्यामुळे दहा जाळी टाकली की समजा असे आकडे येतात (हे मी बनवलेले आहेत, फक्त समजावण्यासाठी): ०, ०, ०, ०, १, २, २, ३, ५, ९००. सरासरी ९१.३. आता कल्पना करा, जहाज अर्धा किलोमीटर बाजूने गेलं, थवा चुकला, आणि ९०० ऐवजी ४ आले. सरासरी १.७. समुद्रात काहीही बदललेलं नाही आणि तुमचा आकडा पन्नासपटीहून जास्त कोसळला! मध्यक बघाल तर दोन्ही वेळा १.५च. लॉग घेऊन सरासरी काढायची म्हटलं तर शून्याचा लॉग निघत नाही, म्हणून प्रत्येक आकड्यात १ मिळवू. मग उलट रूपांतर केल्यावर पहिल्या वेळी साधारण २.६ येतात, दुसऱ्या वेळी १.२. ‘१च का मिळवला, ०.१ का नाही’ असं कोणी विचारलं तर उत्तर तयार ठेवा. ०.१ने उत्तर बदलतं. स्वतः करून बघा.

आता यातला बरोबर आकडा कोणता? माझं मत असं की हा प्रश्नच अर्धवट आहे. एकूण किती टन क्रिल आहेत हे हवं असेल, समजा मासेमारीचा कोटा ठरवायला, तर ९००चा थवा टाळून चालणार नाही. बहुतेक वजन थव्यांतच असतं. पण पिल्लाला भरवण्यासाठी घरट्यापासून ठरावीक अंतरातच जाऊ शकणाऱ्या पेंग्विनच्या दृष्टीने बघायचं, तर ‘सर्वसाधारण ठिकाणी काय मिळतं’ हे जास्त कामाचं, आणि लॉगची सरासरी त्याच्या जवळ जाते. थवे कमी जागी एकवटले, पण एकूण वजन तेच राहिलं, तर पहिलं मोजमाप म्हणेल काही झालं नाही आणि दुसरं म्हणेल घट झाली. दोन्ही आपापल्या जागी खरं सांगत असतील. म्हणून दोन पेपरची तुलना करताना निष्कर्षाच्या आधी ‘यांनी नेमकं काय मोजलं’ ते एका ओळीत लिहून काढा. नव्वद टक्के भांडणं इथेच कळतात. (नव्वद हा आकडा माझा, त्याला संदर्भ मागू नका.)

जाळ्यांचा नाद सोडून ध्वनीने मोजलं तर? तसंही करतात. जहाजाखालून ध्वनिलहरी सोडायच्या, थव्यावरून परत आलेला प्रतिध्वनी मोजायचा. क्रिल ध्वनिलहरींना बाजूला होऊन चुकवू शकत नाहीत, शिवाय जहाज चालू असताना अखंड मोजमाप होतं. २००० साली चार देशांच्या जहाजांनी नैऋत्य अटलांटिकचं मोठं सर्वेक्षण केलं. आधी छापलेला अंदाज ४.४३ कोटी टन. पुढे, एक क्रिल किती ध्वनी परावर्तित करतो याचं मॉडेल सुधारलं गेलं आणि २०१०मध्ये त्याच प्रतिध्वनींतून आकडा निघाला ६.०३ कोटी टन. समुद्रात परत कोणी गेलं नव्हतं. प्राणी पाण्यात कोणत्या कोनात कलून पोहतो अशा गोष्टीसुद्धा त्या मॉडेलमध्ये येतात, आणि त्यावरून कोट्यवधी टन इकडचे तिकडे होतात.

२०१९ साली त्याच भागात पुन्हा सर्वेक्षण झालं: ६.२६ कोटी टन. म्हणजे वीस वर्षांत बदल नाही? असं म्हणायचा मोह होतो खरा. पण क्रिलची भरती वर्षागणिक प्रचंड वरखाली होते. एखाद्या वर्षी पिल्लं भरपूर जगतात, पुढची काही वर्षं जेमतेम. अशा हेलकावणाऱ्या रेषेवर वीस वर्षांच्या अंतराने दोनच ठिपके मांडले तर त्यांतून कल काढता येत नाही. आणि जाळ्यांच्या नोंदींमध्ये दिसणारी मोठी घट १९७०-८०च्या दशकांतली असेल, तर २०००ला सुरू झालेल्या तुलनेत ती दिसणारच नाही. दोन सर्वेक्षणं घटीच्या विरोधात नाहीत आणि बाजूनेही नाहीत.

एका मुद्द्यावर मात्र मला अॅटकिन्सनचा गट जास्त पटतो. २०१९च्या त्यांच्या पेपरमध्ये ‘किती’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून ‘कुठे’ हा विचारला आहे. क्रिलचा मुख्य पट्टा सुमारे नव्वद वर्षांत दक्षिणेकडे, खंडाच्या बाजूला, ४४० किलोमीटरच्या आसपास सरकलेला दिसतो. शिवाय सापडणाऱ्या क्रिलची सरासरी लांबी वाढली आहे. पहिल्यांदा वाचताना लांबी वाढली म्हणजे चांगलंच की, असं वाटतं. पण लोकसंख्येत म्हातारे वाढले आणि लेकरं कमी झाली तर सरासरी वय वाढतंच, तसं आहे हे. वर सांगितलेल्या अळ्यांच्या हिवाळ्याशीही ते जुळतं. जागा, लांबी आणि घनता या तीन मोजमापांतल्या चुका एकाच प्रकारच्या नसतात. जाळ्यात घोळ असला तर घनता चुकेल, पण त्याच घोळाने क्रिल दक्षिणेला सरकल्याचं दिसायला हवं असं नाही. स्वतंत्र चुका असलेले पुरावे एका दिशेला बोट दाखवू लागले की मी जास्त विश्वास ठेवते.

आता बर्फाच्या बाजूला वळू, कारण तिथला डेटा फार भक्कम आहे असं आपण गृहीत धरतो. १९७८च्या शेवटापासून उपग्रहावरचे मायक्रोवेव्ह संवेदक बर्फ आणि पाणी यांच्यातून निघणारं सूक्ष्म उत्सर्जन मोजत आहेत. याला ढग अडवत नाहीत, ध्रुवीय रात्रही चालते. ज्या चौकटीत किमान १५ टक्के बर्फ आहे ती ‘बर्फाची’ धरायची आणि सगळ्या चौकटींचं क्षेत्रफळ मिळवायचं, की विस्तार निघतो. अंटार्क्टिकाभोवती फेब्रुवारीत हा विस्तार ३० लाख चौरस किलोमीटरच्या आसपास असायचा, म्हणजे जवळपास भारताएवढा, आणि सप्टेंबरमध्ये त्याच्या सहापट.

उत्तर ध्रुवावर बर्फ सरळ घटत गेला. दक्षिणेत मात्र तो २०१४पर्यंत हळूहळू वाढत होता. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये विस्तार दोन कोटी चौरस किलोमीटरच्या वर गेला. मॉडेल घट सांगत होती आणि उपग्रह वाढ. त्याच वर्षी इयान आयझनमन आणि सहकाऱ्यांनी एक पेपर काढला, तो शोधून वाचाच. एका प्रचलित डेटासंचात १९९१च्या अखेरीस एक संवेदक जाऊन दुसरा आला होता. दोघांचा मेळ घालण्याच्या प्रक्रियेत फरक पडला की मालिकेत एक कृत्रिम पायरी येते आणि तिच्यामुळे वाढीचा दर बदलतो, हे त्यांनी दाखवलं. बदललेल्या जाळ्याचीच गोष्ट ही, फक्त आठशे किलोमीटर उंचीवरची.

त्यानंतर निसर्गानेच वाद गुंडाळला म्हणा. २०१६च्या शेवटी बर्फ झपकन घटला. फेब्रुवारी २०२३मध्ये तो १७.९ लाख चौरस किलोमीटरवर आला, उपग्रहांच्या काळातला नीचांक. त्याच सप्टेंबरचा उच्चांक १ कोटी ६९.६ लाख, १९८१-२०१०च्या सरासरीपेक्षा साडेसतरा लाखांनी कमी. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ तीन लाखांच्या थोडं वर आहे, त्यावरून काय ते समजा. २०२२च्या अखेरीस बेलिंग्सहाउझन समुद्रात एम्परर पेंग्विनच्या पाच वसाहतींपैकी चारमध्ये पिल्लांना जलरोधक पिसं येण्याआधीच पायाखालचा बर्फ फुटला. तिथे माणूस नव्हता; पांढऱ्या बर्फावरचे विष्ठेचे तपकिरी डाग उपग्रहचित्रांतून नाहीसे झाले, त्यावरून हे कळलं.

आणि एक लक्षात ठेवा: २०१४पर्यंत संपूर्ण अंटार्क्टिकाचा बर्फ वाढत असताना द्वीपकल्पाच्या पश्चिमेला तो कमीच होत होता. क्रिलच्या अळीला खंडाची बेरीज कळत नाही, तिला डोक्यावरचा बर्फ लागतो. बातमीतला एकूण आकडा घेऊन स्थानिक जीवशास्त्र समजावणारा पेपर दिसला की सावध व्हा.

हे सगळं अभ्यासकांपुरतं राहिलं असतं तर फारसं बिघडलं नसतं. पण क्रिल पकडले जातात, त्यांचं तेल कॅप्सूलमध्ये जातं आणि पीठ संवर्धनातल्या माशांना खाऊ घातलं जातं. किती पकडायचे हे होबार्टमधला अंटार्क्टिक सागरी सजीव संपदा संरक्षण आयोग ठरवतो. भारत त्याचा सदस्य आहे, आणि निर्णय एकमतानेच होतात. नैऋत्य अटलांटिकसाठी व्यवहारात लागू असलेली मर्यादा वर्षाला ६ लाख २० हजार टन आहे. सहा कोटींच्या तुलनेत हा एक टक्का, वरवर किरकोळच. मात्र ही पकड सगळीकडे सारखी होत नाही. जहाजं थवे असतात तिथे जातात, आणि पेंग्विन व देवमासेही तिथेच जातात. म्हणूनच ती मर्यादा उपविभागांत वाटून देण्याचा नियम होता. २०२४च्या बैठकीत एकमत झालं नाही आणि तो नियम संपला. २०२५च्या हंगामात सगळी मर्यादा पहिल्यांदाच पूर्ण भरली आणि मासेमारी मुदतीआधी बंद करावी लागली. सरासरी की लॉगची सरासरी, एकूण की स्थानिक, हे प्रश्न त्या बैठकीच्या टेबलावर असेच्या असे असतात.

विषय शोधणाऱ्यांसाठी एक शेवटची गोष्ट. क्रिलच्या नोंदींचा नकाशा बघितला तर अटलांटिकची बाजू ठिपक्यांनी काळी झालेली दिसते आणि हिंदी महासागराची बाजू बरीचशी मोकळी. आपल्याकडून १९९५-९६च्या उन्हाळ्यात ‘सागर संपदा’ जहाजावरून क्रिलसाठी खास मोहीम गेली होती. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातर्फे दक्षिण महासागराच्या मोहिमा २००४पासून निघत आहेत. तरी अटलांटिकच्या तोडीची लांब मालिका या भागासाठी नाही. वादात बाजू घेण्याइतका डेटाच नसणं, हाही एक संशोधनप्रश्न आहे.

तोवर घरबसल्या करायचं काम: क्रिलबेस कोणालाही मोफत उतरवून घेता येतो. तो आरमध्ये किंवा पायथनमध्ये उघडा. मॉडेल वगैरे काही लावू नका. आधी दशकवार किती जाळी आहेत ते मोजा, मग त्यांतली किती रिकामी आली त्याची टक्केवारी काढा, आणि जाळ्याच्या प्रकारानुसार रंग देऊन नकाशावर मांडा. एवढं झालं की वरचे पेपर सालाच्या क्रमाने वाचायला घ्या, आणि प्रत्येकाची ‘पद्धती’ सारांशाच्या आधी वाचा.